आधी कंदील

हरिपूर रस्त्याला, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री पावणेअकराला मी काळी खिडकी उघडते.
तिला बटण नाही, चित्र नाही,
एक उभी पांढरी रेघ
लुकलुकत विचारते, बोला.

काम साधं आहे, शीतल शेठ म्हणाले होते.
जुन्या साइटवरचं नव्या साइटवर आणायचं.
चौदा वर्षांचे हळदीचे भाव,
राजापुरी, सेलम,
किमान, कमाल, आवक किती पोती.
बाकीचं गाळा.
बाकीचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही. ॲडव्हान्स घेतला होता.

माझे वडील पेवात उतरणाऱ्यांतले.
मी जन्मले तोवर पेवं खचली होती,
मी ती पाहिली फक्त त्यांच्या हातवाऱ्यांत:
एवढंसं तोंड, आणि खाली
बैलगाडी मावेल एवढा अंधार.
तोंड फोडलं की लगेच कुणी उतरत नाही, ते सांगायचे.
हवा खेळू द्यायची.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
ज्योत तगली तर माणूस.
विझली तर थांबायचं, आणि ज्याला फार घाई असेल
त्याला चहा पाजायचा.

म्हणून मी कमांड लिहिते आणि तिच्या शेपटाला
दोन आडव्या रेघा देऊन ‘ड्राय रन’ जोडते.
काही आणू नकोस.
नुसती खाली जा, काय दिसतं सांग.

ओळी वर येऊ लागतात.
चार हजार एकशे सात नोंदी.
भावाला भावाचा रकाना मिळतो, तारखेला तारखेचा,
आणि मग पिवळ्या अक्षरांत
टीप. टीप. टीप.
या मजकुराला जागा सापडली नाही.

आदगोंडा मगदूम, अडतीवरचे दिवाणजी.
रोज भाव चढवला की खाली एक ओळ लिहायचे.
पगारात धरलेलं नव्हतं ते.
गेल्या साली वारले. पासवर्ड सापडला गल्ल्यात,
उदबत्तीच्या पुड्याच्या आतल्या बाजूला.

जुन्या फॉन्टातलं लिहिणं, उपसताना मोडलेलं.
मार्चचा माचर् झालेला,
वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात.
मी एकेक नियम लिहीत गेले,
रफार मागे, वेलांटी जाग्यावर,
हळकुंडाची मुळं खुडत बसावं तसं,
दीड वाजेपर्यंत.
मग वाचता आलं:

‘कांडी जाड, आत पोकळ. घेणाऱ्याने मोडून बघावी.’
‘सौदे उशिरा. तोलाईवाल्यांचं मिटलं म्हणतात.’
‘सेलमला आज तेज नाही. माझ्या डाव्या डोळ्यालाही.’
‘लिहिला तो भाव खरा. बोलला गेला तो वेगळा.’

ही शेवटची मी दोनदा वाचली.
शेठना मेसेज टाकला, टिपा पण गाळायच्या का?
एकच खूण. झोपले असणार.

खाली आणखी एक ओळ होती, लाल नव्हती,
राखाडी, कुणाला दिसू नये अशी:
सहा नोंदी वगळल्या, रिकाम्या.
भाव शून्य, आवक शून्य,
टूलच्या लेखी शून्य म्हणजे काही नाहीच.
उघडून बघितल्या. ऑगस्ट.

‘बाजार बंद. पाणी पेठेत.’
‘बाजार बंद. पाणी तेवढंच.’
‘बाजार बंद. माळ्यावरून लिहितो आहे, बॅटरी एक काडी.’
‘बाजार बंद.’
‘बाजार बंद. उतरतंय.’
‘दारं उघडली. भिजल्या मालाला भाव नाही, वास आहे.’

मी नवा रकाना केला.
नाव द्या, म्हणाला. ‘दिवाणजी’ लिहिलं.
शून्यालाही नोंद मान, असं बजावलं.
मग ‘ड्राय रन’ खोडलं, एंटर दाबलं
आणि चहा ठेवायला उठले.

सकाळी शेठचा फोन.
टिपांचं काही बोलले नाहीत, बहुतेक वाचल्या नव्हत्या.
म्हणाले, ते शून्य भाव कशाला घेतलेत?
आलेख एकदम तळाला जातोय तिथं, वाईट दिसतं.

जाऊ दे की, म्हटलं.
सहा दिवस होताच तिथं.